घटक ४ : रशियन साम्राज्यातील राजविवाह आणि त्यांच्या नोंदी

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• रशियातील राजविवाहांची नोंद कोणकोणत्या प्रकारांनी ठेवली जात असे, हे सांगता येईल.
• समारंभपत्रिका, दरबारी दैनंदिनी, चित्र, रोजनिशी आणि आत्मकथन या साधनांमधील फरक स्पष्ट करता येईल.
• एकाच घटनेच्या निरनिराळ्या नोंदी शेजारी ठेवून वाचता येतील.
• नोंदीतील मौनाचा अर्थ लावता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरातील एखादे लग्न आठवून पाहा. त्या लग्नाचे आज काय उरले आहे? कपाटात जपून ठेवलेली लग्नपत्रिका असेल, आहेराची वही असेल, छायाचित्रांचा संग्रह असेल आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या आठवणी असतील. पत्रिकेतील मुहूर्त अचूक असतो. पण लग्न प्रत्यक्षात त्याच मुहूर्तावर लागले की नाही, हे पत्रिका सांगू शकत नाही, कारण ती लग्नाआधीच छापलेली असते. आहेराची वही कोणी काय दिले ते सांगते. देणाऱ्याचा रुसवा सांगत नाही. छायाचित्रात सारे हसत असतात. आणि आत्या कोणत्या कारणावरून जेवणाच्या पंगतीतून उठली, हे केवळ आजीलाच ठाऊक असते. यांपैकी कोणतीही एक नोंद खोटी नाही आणि कोणतीही एक पुरेशीही नाही.

हेच तत्त्व एका मोठ्या साम्राज्याच्या संदर्भात तपासून पाहणे, हा या घटकाचा विषय आहे. रशियात १७२१ ते १९१७ या काळात साम्राज्य होते आणि त्यावर रोमानोव्ह घराण्याची सत्ता होती. राजपुत्राचा विवाह ही तेथे घरगुती बाब नव्हती. वारसाहक्क, परराष्ट्रसंबंध, धर्म आणि दरबारातील मानापमान असे चार प्रश्न त्या एका दिवसाशी निगडित असत. त्यामुळे या विवाहांविषयी विपुल लिहिले गेले, चितारले गेले आणि काही वेळा जाणीवपूर्वक लपवलेही गेले.

अभ्यासाला आरंभ करण्यापूर्वी एक सूचना लक्षात ठेवा. साम्राज्यकाळात रशियात ज्युलियन, म्हणजे जुनी, दिनगणना चालू होती. युरोपातील बहुतेक देशांत रूढ असलेल्या ग्रेगोरियन दिनगणनेपेक्षा ती अठराव्या शतकात ११ दिवसांनी आणि एकोणिसाव्या शतकात १२ दिवसांनी मागे होती. म्हणून एकाच विवाहाची तारीख रशियन नोंदीत एक आणि इंग्लंडमधील नोंदीत दुसरी आढळते. ही चूक नव्हे. या घटकातील तारखा, वेगळा उल्लेख नसल्यास, जुन्या दिनगणनेनुसार दिल्या आहेत.

४.२ साम्राज्यपूर्व परंपरा : मानाच्या याद्या

साम्राज्याच्या स्थापनेपूर्वी मॉस्को ही राजधानी होती आणि तेथील राजाला झार म्हणत. झारच्या विवाहासाठी खास याद्या तयार होत. वधूवरांसमोर मेणबत्ती कोण धरणार, मंगल भाकरी कोण वाहणार, वधूच्या बाजूने कोण बसणार, शय्यागृहापर्यंत कोण सोबत करणार, अशा प्रत्येक कामासमोर एकेका सरदाराचे किंवा सरदारपत्नीचे नाव लिहिले जाई.

आपल्याला हा तपशील कंटाळवाणा वाटेल. त्या काळच्या सरदारांना मात्र तो जिवाहून प्रिय होता. त्या समाजात पूर्वजांनी कोणते पद भूषवले, यावरून वंशजांचे स्थान ठरत असे. आपल्यापेक्षा कनिष्ठ मानलेल्या घराण्यातील माणसाच्या खालची जागा एकदा स्वीकारली, की ती नोंद पुढच्या पिढ्यांविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाई. म्हणूनच या प्रसंगी कोणीही स्थानावरून वाद घालू नये आणि येथील क्रम पुढे दाखला म्हणून धरला जाऊ नये, अशी आज्ञा झार विवाहापूर्वी काढीत असे. १६८२ मध्ये ही स्थानपद्धती रद्द करण्यात आली आणि तिच्याशी संबंधित दप्तर जाळण्यात आले. कागदावरच्या क्रमाला केवढी ताकद होती, हे त्या होळीवरून उमगते.

या काळातील एक विशेष नोंद म्हणजे झार मिखाईल रोमानोव्ह आणि येवदोकिया स्त्रेश्नेवा यांच्या १६२६ मधील विवाहाचे सचित्र हस्तलिखित. विवाहातील एकेक प्रसंग त्यात चित्ररूपाने क्रमाने मांडलेला आहे. १८१० मध्ये ते मॉस्को येथे छापून प्रसिद्ध झाले. या हस्तलिखितातील माणसे प्रामुख्याने आपापल्या जागी उभी असलेली दिसतात. चित्राचा हेतू भावना दाखवण्याचा नसून क्रम दाखवण्याचा आहे.

४.३ साम्राज्याचा दरबार : नोंदीची यंत्रणा

पीटर पहिला याने रशियाच्या राज्ययंत्रणेप्रमाणेच दरबाराचेही रूप पालटले. पीटर आणि कॅथरिन यांचा विवाह १९ फेब्रुवारी १७१२ रोजी सेंट पीटर्सबर्ग या नव्या शहरात झाला. त्या विवाहाच्या मेजवानीचे अलेक्सेई झुबोव्ह याने केलेले कोरीव मुद्राचित्र प्रसिद्ध आहे. हस्तलिखित एका पेटीत राहते. मुद्राचित्राच्या मात्र अनेक प्रती निघतात. विवाहाची नोंद ही आता केवळ दरबाराच्या दप्तरासाठी नव्हती, ती पाहणाऱ्या जगासाठी होती. नवे शहर, नवा पोशाख, स्त्रीपुरुषांची एकत्र मेजवानी हे सारे त्या चित्रातून जाहीर होत होते.

१७२२ मध्ये पीटरने सेवेतील पदांची श्रेणीतालिका लागू केली. घराण्याच्या जुन्या मानाची जागा सेवेतील श्रेणीने घेतली. साहजिकच विवाहाच्या मिरवणुकीतील क्रमही या नव्या तालिकेशी जोडला गेला. पुढील दोन शतकांत राजविवाहाची अधिकृत नोंद प्रामुख्याने चार प्रकारांनी होत राहिली.

(अ) समारंभपत्रिका : समारंभ विभाग ती विवाहाआधी तयार करी आणि सम्राटाच्या मंजुरीनंतर ती छापली जाई. पाहुण्यांनी कोठे जमावे, कोणता पोशाख घालावा, मिरवणुकीत कोण कोणाच्या मागे चालावे, तोफांची सलामी केव्हा द्यावी, हे सारे तीत असे. म्हणजे ही पत्रिका घडलेल्या गोष्टीचे वर्णन नसून घडावयाच्या गोष्टीची आज्ञा होती.

(आ) दरबारी दैनंदिनी : राजवाड्यातील कामर-फुरिअर नावाचे अधिकारी रोजच्या घडामोडींची नोंद ठेवीत. सम्राट केव्हा बाहेर पडले, भोजनाला कोण होते, प्रार्थना कोठे झाली, याची ती कोरडी पण सातत्यपूर्ण नोंद असे. तीत मत नसते आणि भावनाही नसते.

(इ) जाहीरनामा : विवाहाची घोषणा सम्राटाच्या नावाने प्रजेला केली जाई. १७९७ मध्ये सम्राट पॉल याने वारसाहक्क आणि राजकुटुंब यांविषयीचे कायदे केले. १८२० मध्ये त्यांत भर पडली आणि राजघराण्याबाहेरील, असमान दर्जाच्या व्यक्तीशी झालेल्या विवाहातील पत्नीला व संततीला राजपदाचे हक्क नाकारण्यात आले. त्यामुळे ‘विवाह कोणाशी झाला’ ही नोंद थेट सिंहासनाच्या प्रश्नाला जाऊन भिडली.

(ई) चर्चमधील नोंद : रशियन ऑर्थोडॉक्स विधीत विवाहाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात अंगठ्यांची अदलाबदल होते. दुसऱ्या भागात वधूवरांच्या मस्तकांवर किरीट धरले जातात, दोघे एकाच पेल्यातून द्राक्षारस घेतात आणि धर्मगुरूच्या मागून तीन प्रदक्षिणा घालतात. परदेशी वधूला प्रथम ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारून नवे नाव घ्यावे लागे. नोंदवहीत येई ते हे नवे नाव.

आपली प्रगती तपासा – १
समारंभपत्रिका आणि दरबारी दैनंदिनी यांपैकी कोणती नोंद विवाहाआधीची आणि कोणती विवाहानंतरची? या फरकामुळे त्यांच्या विश्वसनीयतेवर कोणता परिणाम होतो?

४.४ अधिकृत वैभव आणि वधूचे शब्द : १७४५

२१ ऑगस्ट १७४५ रोजी सम्राज्ञी एलिझाबेथ हिचा भाचा व वारस पीटर आणि जर्मन राजकन्या सोफी यांचा विवाह झाला. सोफीने आदल्या वर्षी ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारून ‘कॅथरिन’ हे नाव घेतले होते. हीच पुढे सम्राज्ञी कॅथरिन दुसरी म्हणून प्रसिद्धीस आली. विवाहसमयी ती १६ वर्षांची, तर पीटर १७ वर्षांचा होता. रशियाचा दरबार युरोपातील कोणत्याही दरबारापेक्षा उणा दिसू नये, ही एलिझाबेथची आकांक्षा होती. तिने फ्रान्स व सॅक्सनी येथील राजविवाहांची तपशीलवार माहिती मागवली आणि त्या धर्तीवर तयारी करवली. सेंट पीटर्सबर्ग येथील कझान देवमातेच्या चर्चमध्ये विवाह झाला आणि उत्सव दहा दिवस चालले.

अधिकृत नोंदींमध्ये आपल्याला रथ, पोशाख, मिरवणूक आणि मेजवान्या भेटतात. त्याच दिवसाविषयी कॅथरिनने पुढे आपल्या फ्रेंच भाषेतील आत्मकथनात लिहिले, तेव्हा चित्र पार बदलले. तेथे भेटते ती अलंकारांच्या ओझ्याखाली थकलेली, रात्री शय्यागृहात दीर्घकाळ एकटी वाट पाहणारी मुलगी आणि तिच्याविषयी उदासीन असलेला नवरा.

आता प्रश्न असा की, यांपैकी खरे कोणते? घाईने ‘आत्मकथन’ असे उत्तर देऊ नका. कॅथरिनने हे आत्मकथन अनेक वर्षांनी, पुन्हापुन्हा नव्याने लिहिले. १७६२ मध्ये तिने याच नवऱ्याला पदच्युत करून सिंहासन घेतले होते आणि थोड्याच दिवसांत त्याचा मृत्यू झाला होता. पीटर पती म्हणून आणि राजा म्हणून अपात्र होता, हे वाचकाला पटवून देण्याची तिला गरज होती. म्हणजे तिचे दुःख खरे असू शकते, आणि तरीही त्या दुःखाची मांडणी हेतुपूर्वक केलेली असू शकते. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

या हस्तलिखिताचे पुढे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. राजघराण्याने ते गुप्त ठेवले. अखेर १८५९ मध्ये रशियाबाहेर राहून झारशाहीला विरोध करणारा लेखक अलेक्झांडर हेर्झेन याने ते लंडनमधून प्रसिद्ध केले. नवऱ्याविरुद्ध लिहिलेली नोंद पुढे राजघराण्याविरुद्ध वापरली गेली. नोंद कोणाच्या हाती पडते, यावरही तिचा अर्थ अवलंबून असतो.

४.५ एक विवाह, अनेक नोंदी : १८९४

आता आपण एकाच विवाहाच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहू. हा विवाह आहे शेवटचा सम्राट निकोलस दुसरा आणि हेस येथील राजकन्या अलिक्स यांचा.

पार्श्वभूमी अशी होती : २० ऑक्टोबर १८९४ रोजी निकोलसचे वडील सम्राट अलेक्झांडर तिसरे यांचे क्रिमियातील लिवादिया येथे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी अलिक्सने ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला आणि ती ‘अलेक्झांड्रा फ्योदोरोव्हना’ झाली. ७ नोव्हेंबरला सेंट पीटर्सबर्ग येथे अलेक्झांडर यांचा दफनविधी झाला आणि अवघ्या सात दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, विंटर पॅलेस या राजवाड्यातील चर्चमध्ये विवाह झाला. एवढी घाई का? नवा सम्राट अविवाहित राहू नये, ही इच्छा होतीच. शिवाय १५ नोव्हेंबरपासून नाताळपूर्व उपवासकाळ सुरू होत होता आणि त्या काळात विवाह लावत नसत. १४ नोव्हेंबर हा विधवा सम्राज्ञी मारिया फ्योदोरोव्हना हिचा जन्मदिवस असल्यामुळे त्या दिवसापुरते सुतकाचे नियम सैल करता आले.

(अ) अधिकृत नोंद : तीनुसार सारे यथाविधी पार पडले. नियमानुसार चांदीच्या जरीचा पोशाख, अर्मिन या प्राण्याच्या शुभ्र फरची किनार असलेला अंगरखा, मस्तकावर हिऱ्यांचा विवाहमुकुट, दालनांमधून निघालेली मिरवणूक, सारे जागच्या जागी होते. त्याच दिवशी निघालेल्या जाहीरनाम्याने प्रजेला विवाहाची वार्ता कळवली आणि काही सवलतीही दिल्या. मृत्यूचे सावट या भाषेत जेमतेम जाणवते, कारण या भाषेचे कामच सातत्य दाखवणे हे आहे. एक सम्राट गेला, दुसरा आला, वंश पुढे चालू आहे, एवढेच तिला सांगायचे असते.

(आ) वराची रोजनिशी : निकोलस नियमाने रोजनिशी लिहीत असे. त्या दिवशीच्या नोंदीत हुसार पलटणीचा गणवेश घातल्याचा, धाकटा भाऊ मिखाईल याच्यासह विंटर पॅलेसकडे गेल्याचा उल्लेख येतो. आणि शेवटी येतो एक अगदी साधा तपशील : पत्नीचे डोके फार दुखू लागल्यामुळे दोघे लवकर झोपले. कोणत्याही समारंभपत्रिकेत ही डोकेदुखी सापडणार नाही. जड मुकुट, जड वस्त्रे आणि तासन्‌तास उभे राहणे यांचा मानवी हिशेब त्या एका ओळीत आहे.

(इ) वधूची आठवण : आपला विवाह म्हणजे मृतासाठीच्या प्रार्थनांचाच पुढचा भाग वाटला, फक्त काळ्या वस्त्रांऐवजी पांढरी वस्त्रे अंगावर होती, अशा आशयाचे अलेक्झांड्राचे उद्गार तिच्या चरित्रांमधून वारंवार येतात. रोजनिशी त्याच दिवसाची आहे; असे उद्गार मात्र मागे वळून पाहतात आणि इतरांच्या लेखनातून आपल्यापर्यंत पोहोचतात. ते वाचताना एक गोष्ट विसरू नये. वाचकांना या स्त्रीचा १९१८ मधील हिंसक अंत ठाऊक असल्यामुळे तिचे हे शब्द भविष्यवाणीसारखे भासतात. बोलताना मात्र तिला पुढचे काही ठाऊक नव्हते.

(ई) चित्रे : वधूची आजी म्हणजे इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया. तिला विवाहाला उपस्थित राहता आले नाही. यापूर्वी १८७४ मध्ये तिचा मुलगा आल्फ्रेड आणि रशियन राजकन्या मारिया यांच्या सेंट पीटर्सबर्ग येथील विवाहासाठी तिने निकोलस शेव्हालिए या चित्रकाराला पाठवले होते. या खेपेस तिने डॅनिश चित्रकार लॉरिट्स टुक्सेन याच्याकडून चित्र करवून घेतले. मेणबत्त्यांचा उजेड, सोन्याची झळाळी आणि दाटीने उभे असलेले युरोपातील राजवंशीय असे ते भव्य चित्र आहे. चित्रकाराला ते पूर्ण करण्यास विवाहानंतर दीर्घकाळ लागला. त्याला दिवस नोंदवायचा होताच; पण प्रत्येक मान्यवराचा चेहरा ओळखू येणेही गरजेचे होते. म्हणून टुक्सेनचे चित्र हा क्षण नसून अनेक निरीक्षणांतून जुळवलेली रचना आहे. रशियन चित्रकार इल्या रेपिन यानेही हाच विवाह चितारला. दोन चित्रकार, दोन आश्रयदाते आणि दोन देश. प्रसंग मात्र एकच.

(उ) वस्तू : अलेक्झांड्राने त्या दिवशी घातलेला हिऱ्यांचा विवाहमुकुट आज अमेरिकेत, वॉशिंग्टन येथील हिलवूड संग्रहालयात आहे. क्रांतीनंतर सोव्हिएत राजवटीने राजघराण्याची जी रत्ने विकली, त्यांत तो देशाबाहेर गेला. चर्चमध्ये तो वंशाच्या सातत्याचे चिन्ह होता. संग्रहालयातील काचेमागे तो त्याच वंशाच्या अंताची साक्ष देतो. वस्तू बदललेली नाही. तिच्याभोवतीचा इतिहास बदललेला आहे.

आपली प्रगती तपासा – २
वरील पाच नोंदींपैकी विवाहाच्या दिवशीच तयार झालेली खासगी नोंद कोणती? अधिकृत नोंदीत नसलेला कोणता तपशील तीत आढळतो?

४.६ न नोंदवलेला विवाह : १८८०

आता एक उलट उदाहरण पाहू. सम्राट अलेक्झांडर दुसरा याची पत्नी मारिया २२ मे १८८० रोजी निवर्तली. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ६ जुलै रोजी, सम्राटाने येकातेरिना दोल्गोरुकोवा हिच्याशी त्सार्स्कोये सेलो येथील राजवाड्यात गुपचूप विवाह केला. दोघांचे संबंध अनेक वर्षांपासूनचे होते आणि त्यांना अपत्येही होती.

या विवाहाला समारंभपत्रिका नाही, मिरवणूक नाही, तोफांची सलामी नाही, दरबारी चित्र नाही. मोजके विश्वासू साक्षीदार आणि त्यांच्या सह्यांचा कागद, एवढीच त्याची मूळ नोंद. पत्नीला ‘राजकुमारी युर्येवस्काया’ ही पदवी मिळाली. सम्राज्ञीपद मिळाले नाही. १ मार्च १८८१ रोजी सम्राटाची हत्या झाली आणि त्यानंतर ही स्त्री रशिया सोडून फ्रान्समध्ये स्थायिक झाली.

धर्माच्या दृष्टीने हा विवाह इतर विवाहांइतकाच वैध होता. तरीही तो दरबाराच्या वैभवशाली नोंदीत शिरू शकला नाही. यावरून आपल्याला उमगते की समारंभाची नोंद ही घटना घडल्याचा केवळ पुरावा नव्हती, ती मान्यतेची मोहोर होती. ज्याला मोहोर नाकारली गेली, त्याचे मौनही आपण नोंद म्हणूनच वाचले पाहिजे.

४.७ नोंद कशी वाचावी?

आतापर्यंतच्या विवेचनावरून कोणत्याही नोंदीला विचारावयाचे पाच प्रश्न निश्चित करता येतात.
१. ती केव्हा तयार झाली : घटनेपूर्वी, त्याच दिवशी की अनेक वर्षांनी?
२. ती कोणासाठी होती : दप्तरासाठी, प्रजेसाठी, दूरच्या नातलगासाठी की स्वतःसाठी?
३. तिचा हेतू काय होता : आज्ञा देणे, मिरवणे, आठवण जपणे की स्वतःचे समर्थन करणे?
४. तिने काय गाळले आणि का?
५. पुढे ती कोणाच्या हाती गेली?

या प्रश्नांचा उपयोग एका नोंदीला खरे आणि दुसरीला खोटे ठरवण्यासाठी करावयाचा नाही. समारंभपत्रिका वाचल्यावाचून त्या मुकुटाचे राजकीय वजन कळत नाही आणि रोजनिशी वाचल्यावाचून त्याच मुकुटाचे मस्तकावरील वजन कळत नाही. इतिहास समजून घेण्यासाठी ही दोन्ही वजने हवीत.

४.८ सारांश

रशियातील राजविवाह ही राज्यव्यवहाराची घटना होती. मॉस्कोच्या काळात मानाच्या याद्या, तर साम्राज्यकाळात समारंभपत्रिका, दरबारी दैनंदिनी, जाहीरनामा आणि चर्चमधील नोंद अशी अधिकृत साधने निर्माण झाली. त्यांच्या जोडीला मुद्राचित्रे व रंगचित्रे, रोजनिश्या, आत्मकथने आणि वस्तू यांनीही या विवाहांची साक्ष जपली. १७४५ चा विवाह अधिकृत वर्णन आणि आत्मकथन यांतील अंतर दाखवतो. १८९४ चा विवाह एकाच दिवसाचे अनेक अर्थ दाखवतो, तर १८८० चा विवाह नोंद नाकारण्यातील सत्ता दाखवतो.

४.९ स्वाध्याय

१. ‘समारंभपत्रिका म्हणजे वर्णन नव्हे, आज्ञा होय.’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
२. कॅथरिन दुसरीचे आत्मकथन साधन म्हणून वापरताना कोणती सावधगिरी बाळगावी?
३. निकोलस आणि अलेक्झांड्रा यांच्या विवाहाच्या कोणत्याही तीन नोंदींची तुलना करा.
४. क्षेत्रीय कार्य : तुमच्या कुटुंबातील किंवा परिचयातील एका जुन्या लग्नाची पत्रिका, छायाचित्र आणि आहेराची वही मिळवा. त्यानंतर त्या लग्नात हजर असलेल्या दोन व्यक्तींशी, शक्य तर वधूशी, स्वतंत्रपणे बोला. कागदात नसलेले काय त्यांनी सांगितले आणि दोघांच्या सांगण्यात कोठे फरक पडला, ते ३०० शब्दांत लिहा. वधू आज वृद्ध झाली असेल, तर हे काम लांबणीवर टाकू नका. कागद काही काळ टिकतो. आठवण तेवढी थांबेलच असे नाही.